जुळ्यांचे दात

बैलांचं बोलणं बैलांनाच कळायचं, तेव्हाची ही गोष्ट. एका गाईला एकाच पहाटे दोन गोऱ्हे झाले. चांद्या इनामदारांकडे गेला. वर्षातून एकदा देवाचा रथ ओढला की त्याचं काम संपायचं. खैऱ्या तेल्याच्या घाण्याला जुंपला गेला.

बारा वर्षांनी पोळ्याला दोघे वेशीपाशी शेजारी आले. दात बघून जनावराचं वय सांगणारे भिकोबा तिथं होतेच. चांद्याचा जबडा उघडून ते म्हणाले, "सात वर्षांचा. अजून गडी आहे!" मग त्यांनी खैऱ्याचे दात पाहिले. "हा अठराचा म्हातारा. तेलीबुवा, याला आता बाजार दाखवा."

खैऱ्या चक्रावला. "चांद्या, आपण जुळे ना? मी तर जन्मभर एकाच जागी गोल फिरलो. मग तुझ्या पुढं कसा गेलो?"

चांद्यालाही ते कोडंच होतं. तो म्हणाला, "तू स्वतःला जपलं नाहीस, बाबा. थोडं चालावं, सावलीला बसावं, रोज टोपलंभर पेंड खावी."

"चालतो तर मी दिवसभर. आणि पेंड आमच्याच घाण्यातून निघते. डोळ्यांवर झापडं असतात, म्हणून मला नुसता वास येतो. मग पोती कुठंतरी जातात."

चांद्या रवंथ करायचा थांबला. तोंडात पेंडच होती. ती गिळावी की नाही, हे त्याला कळेना.