तानूचा प्रश्न

तानू गरीब होती. आई टोपल्या विणायची, त्यावर दोघींची चूल पेटायची. बांबू गावाच्या बेटातला. आता गावप्रमुख म्हाळोजी नाईक ते बेट तोडून तिथे कोठार बांधणार होते. बेट गेले की मायलेकींना गाव सोडावे लागणार.

तानू बेटात गेली. हिरव्या उजेडात काट्याला एक चिमुकली परी अडकली होती. पंख निळे, चतुरासारखे झळझळीत. तानूने काटा हळूच सोडवला. बोटातून रक्त आले. ती रडली नाही.

"वर माग, बाळ," परी म्हणाली.

"बेट राहू दे."

"बेट साऱ्या गावाचं. एकटीच्या शब्दावर त्याचा वर देता येत नाही. गावाला विचार. प्रश्न सगळ्यांना एकच. हो म्हणायचं त्याने मडक्यात चिंचोका टाकावा, नाही म्हणायचं त्याने लाल गुंज. मूठ झाकलेली. नाइकालाही एकच बी. जे जास्त, ते मी करीन."

"तोडा म्हणाले तर?"

"तोडीन. आणि मीही जाईन."

गाव पारावर जमले. तानूने विचारले, "बेट तोडायला नको ना?"

मडके ओतले. सगळ्यांनी टाकलेल्या बियांत चिंचोके जास्त निघाले.

"हो जास्त!" नाईक गरजले. "तोडा!"

"हो म्हणजे नको!" दुसरे ओरडले.

भागाआजीने कपाळाला हात लावला. "अगं पोरी, हो म्हणजे काय ते तरी सांग! मी बाई हो टाकून मोकळी झाले."

"लग्नातही असंच केलंस," तिचा म्हातारा म्हणाला. सगळे हसले.

परी तानूच्या कानाशी आली. "तू सांगशील तो अर्थ मी धरीन."

तानूने आईकडे पाहिले. आईने मान खाली घातली होती.

"चूक माझी," ती मोठ्याने म्हणाली. "मी 'नको' घालून विचारलं. पुन्हा विचारते. आधी नाईककाका, तुम्ही बोला."

नाईक चपापले. मग म्हणाले, "दरसाल धान्य भिजतं. पोरं उपाशी राहतात. म्हणून कोठार."

"बेट गेलं तर आम्हाला जावं लागेल," तानू म्हणाली. "आता सांगा. बेट ठेवायचं का?"

आता कोणी हसले नाही. एकेक जण मूठ झाकून आला. मडके ओतले. गुंजा पुष्कळ होत्या, लालचुटूक. चिंचोके त्याहून जास्त.

नाइकांनी रिकामे मडके सरळ ठेवले. "गाव बोललं," ते म्हणाले. "कोठार माझ्या खळ्यावर बांधू. भिंतींना बांबूचा कूड विणायला कोण येईल?"

"आम्ही येऊ, काका. गुंजवाल्यांचं धान्यही भिजायला नको."

"आता 'नको' बरोबर बसलं हो!" भागाआजी म्हणाली.

परी खुदकन हसली. तिच्या पंखांतून सोनेरी, निळे, पोपटी कण उडाले. बेटात जागोजाग कोवळे कोंब फुटले. उजेड इतका वाढला की साऱ्यांनी डोळे मिटले. उघडले, तेव्हा परी नव्हती. तानूची आई कोयता घेऊन खळ्याकडे निघाली होती.