जावयांच्या गाड्या आणि धोंड्याचं वाण

"अकरा दिवस, पाच जावई, एक हजार आठशे पंधरा अनारसे!" हंबीरराजे गरजले. "चंद्राक्का, हे थांबव!"

राजवाड्याची आचारीण चंद्राक्का झारा हातात धरून उभी राहिली. थांबवायचं कसं? धोंड्याचा महिना येतो तीन वर्षांनी एकदा, आणि त्यात जावयाला जेवू घालून तेहेतीस अनारशांचं वाण द्यावंच लागतं. पूर्वी बरं होतं. विजेच्या गाडीची बॅटरी हत्तीच्या मोलाची, आणि दहा कोसांत मान टाकायची. पन्नास कोसांवरचे जावई बैलगाडीने यायचे, एकदा जेवायचे आणि सुटायचे. यंदा मेली बॅटरी झाली स्वस्त आणि धावायला लागली सव्वाशे कोस! पाचही जावयांनी गाड्या घेतल्या. सकाळी हजर, संध्याकाळी घरी, दुसऱ्या सकाळी पुन्हा हजर! तुपाचे चटके खाऊन चंद्राक्काच्या हातांना फोड आले होते.

"'येऊ नका' म्हणायचं नाही," राजे म्हणाले. "दार लावायचं नाही. वाणात एक अनारसा कमी करायचा नाही! दोन दिवसांत बंदोबस्त झाला नाही, तर मुदपाकखाना सोडून चालती हो!"

"आणि झाला तर?"

"मागशील ते देईन!"

"मग महाराज, वाण कमी कशाला? वाढवते की!"

त्या संध्याकाळी जावई निघाले, तर प्रत्येकाच्या अनारशांच्या ताटाशेजारी एकेक काळाकभिन्न दगड! हळदकुंकू लावलेला, उचलायला चार-चार गडी.

"हे काय?" थोरले जावई उदाजीराव दचकले.

"राणीसाहेबांनी पूजलेलं वाण, जावईबापू!" चंद्राक्का म्हणाली. "वाटेत टाकू नका हो, सासूबाईंचा अपमान व्हायचा!"

दगड डिकीत गेले. गाड्या मागून बसल्या आणि कण्हत निघाल्या. निम्म्या वाटेत पाचही बॅटऱ्यांनी राम म्हटला! अनारसे खाऊन फुगलेले जावई घामाघूम होऊन गाड्या ढकलत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी वाड्यात शुकशुकाट. चंद्राक्काने चक्क दुपारी झोप काढली.

तिसऱ्या दिवशी मात्र पाचही जण आले. चौघांच्या गाड्या अजून चार्जिंगला होत्या, म्हणून उदाजीरावांच्या एकाच गाडीत कोंबून आले, ते थेट दरबारात!

"महाराज, तुमच्या आचारिणीने आम्हाला दगड दिला, दगड!"

राजांनी डोळे वटारले. "चंद्राक्का! खरं आहे?"

"खरं आहे, महाराज. महिना कसला?"

"धोंड्याचा!"

"मग धोंडाच दिला की! अनारसे तर वरचे." तिने जावयांकडे वळून हात जोडले. "आलात ते बरं केलंत. आजचं वाण तयार आहे. धोंडे पाच, गाडी एक!"

जावई एकमेकांकडे बघायला लागले. उदाजीराव हळूच म्हणाले, "आम्ही... तीन वर्षांनीच येतो!" आणि पाचही जण जेवणाची वाटसुद्धा न पाहता पळाले.

राजे पोट धरधरून हसले. मुंडासं सुटून पडलं तरी हसू थांबेना!

"माग, चंद्राक्का, काय हवं ते माग!"

"विजेची गाडी द्या, महाराज, सव्वाशे कोस धावणारी. पण एक करा," ती घाईघाईने म्हणाली, "माझ्या जावयाला मात्र देऊ नका!"