पहिल्या पानाची नक्कल

एका गावात ओढ्याच्या काठाला एका रंगाऱ्याचं घर होतं. घरात दोन भाऊ, त्यांची म्हातारी आई आणि दोन सुना. थोरलीला बकुळा नावाची एक मुलगी होती, नुकती परकर नेसायला लागलेली. धाकटीला अजून मूलबाळ नव्हतं. गावातले लोक लुगडी, पागोटी, खण रंगवायला आणून देत आणि अंगणातल्या रांजणांत कुठे नीळ, कुठे मंजिष्ठ, कुठे हळद भिजत असे. त्या घरातल्या कोणाचीच नखं कधी स्वच्छ दिसत नसत.

थोरलीचा हात फार नेटका. तिची रांगोळी बघायला शेजारपाजारच्या बायका मुद्दाम वाट वाकडी करून येत. पोळी गोल, घडी सरळ, फडताळातली भांडी उंचीप्रमाणे लावलेली. सासूबाई आल्यागेल्याला सांगत, "हात असावा तर माझ्या थोरलीसारखा." धाकटी शेजारीच उभी राहून हे ऐके आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसे. ती वेंधळी होती. भाकरी करपवायची, घागर हिंदकळत आणायची आणि तिच्या रांगोळीतलं कमळ कोबीच्या गड्ड्यासारखं दिसायचं.

पावसाळ्यात रंगाऱ्यांना फुरसत असते. ऊन नसलं की कापड वाळत नाही, आणि कापड वाळणार नसेल तर रंगवून उपयोग काय? अशाच एका पावसाळ्यात धाकटीला एक नाद लागला. शेजारच्या गावातला कागद बनवणारा आपले कागद रंगवून घ्यायला त्यांच्याकडे येई आणि फाटके, वाकडे कागद तिथेच टाकून जाई. ते धाकटीने गोळा केले. दुमडले, दाभणाने भोकं पाडली, जुन्या गोधडीचा दोरा काढून शिवले. गव्हाच्या पिठाची खळ शिजवली, कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकलं. त्या खळीने कागदावर कागद चिकटवून पुठ्ठा केला आणि त्यावर रंगीत चिंध्या डकवल्या. झाली वही.

मग ती मागच्या पडवीत बसून त्या वहीत दिवसभरात पाहिलेलं काहीबाही रंगवू लागली. विहिरीच्या रहाटावरचा ओला कावळा, स्वतः करपवलेली भाकरी, तोंड उघडं टाकून घोरणाऱ्या सासूबाई, पाय घसरून चिखलात बसलेला नवरा. चित्रं काही धड नसत. तिची गाय बाजेसारखी दिसे. पण बघणाऱ्याला ती गाय आपल्याच गोठ्यातली आहे हे लगेच कळे, आणि घरातली माणसं पोट धरून हसत. स्वतःचं घोरणं बघून सासूबाईंच्याही डोळ्यांत हसून हसून पाणी आलं.

थोरलीला हसू आलं नाही. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

खरं सांगायचं तर चित्रांचं तिला काहीच वाटलं नसतं. तिला लागलं ते वेगळंच. बकुळा आता सबंध दुपार काकूच्या मांडीला टेकून बसू लागली होती. ओढ्यावर काय दिसलं, कोणाशी भांडण झालं, कोणाशी गट्टी झाली, हे सगळं पूर्वी ती धावत येऊन आईला सांगे. आता ते आधी काकूच्या वहीत जाई आणि उरलंसुरलं आईच्या कानावर येई. थोरली स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राही. कणीक मळता मळता ती इतका जोर लावायची की परात सरकून भिंतीला लागायची.

आपली पोर आपल्याला परत हवी, एवढं एकच तिच्या मनात होतं.

म्हणून तिनेही वही करायला घेतली. चांगले धडके कागद निवडून घेतले. कडा अशा कापल्या की बोट फिरवलं तर कुठे खरखर नाही. टाके सगळे सारख्या अंतराचे. वरच्या पुठ्ठ्यावर तिने आठ पाकळ्यांचं कमळ काढलं आणि ते कमळ खरोखर कमळ दिसत होतं. तिने ती वही बकुळाच्या हातात ठेवली. पोरीचे डोळे मोठे झाले. यात चित्र काढू का, असं तिने विचारलं. थोरलीने सांगितलं की आधी पाटीवर गिरव, हात चांगला बसू दे, आणि वहीला हात लावण्याआधी तो धुऊन ये. बकुळाने शहाण्या मुलीसारखी मान हलवली, वही नीट कोनाड्यात ठेवली आणि ती पुन्हा पडवीत काकूकडे गेली.

थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आपली वही सरस, आपला हात सरस, मग पोर तिकडे का जाते? तिने पुष्कळ विचार केला आणि मत्सरात माणसाला जसं सुचतं तसंच तिला सुचलं. धाकटीकडे काहीतरी गुपित असलं पाहिजे. माहेराहून काही विद्या आणली असेल आणि मुद्दाम आपल्यापासून लपवून ठेवली असेल.

एके दिवशी धाकटी सूत धुवायला ओढ्यावर गेली. थोरलीने इकडेतिकडे पाहिलं, पडवीतल्या टोपलीखालून तिची वही काढली आणि पहिलं पान उघडलं.

त्या पानावर चित्र नव्हतं. निळे फराटे होते, त्यांच्यावरून गेलेले तांबडे फराटे होते, हळदीचे ठिपके होते, मध्येच एका अंगठ्याचा ठसा होता आणि कोपऱ्यात एक पिवळसर तपकिरी डाग होता, कडेने गडद आणि मध्ये फिका. हेच ते, तिला वाटलं. पुढच्या पानांवरचे कावळे आणि गाई कोणीही काढील, खरी विद्या या पानात आहे. पुढची पानं तिने धड चाळलीही नाहीत.

त्या दिवसापासून धाकटी ओढ्यावर गेली की थोरली वही काढायची, थोडा भाग डोळ्यांत साठवायची आणि माजघराचं दार आतून लावून आपल्या वहीत उतरवायची. बारीक कुंचल्यासाठी तिने घरच्या मांजराच्या शेपटीचे केस कापले. मांजर जे गेलं ते शेजाऱ्यांकडेच राहिलं. एकेका फराट्याला तिची दुपार जाई. तांबड्याखालून निळं कुठे डोकावतं, ठिपका कुठे फुटला आहे, काही म्हणून तिने सोडलं नाही. अंगठ्याचा ठसा तर तिने रेघेला रेघ लावून काढला.

अडलं ते त्या कोपऱ्यातल्या डागापाशी. तो रंग काही केल्या जमेना. तिने डाळिंबाची सालं उकळली, त्यात हिरडा घातला, हळद घातली, चुना घातला. सात पिढ्या रंगाऱ्यांचं घर, पण त्या रंगाची कृती कोणाला ठाऊक नव्हती. अखेर कशीबशी जवळपासची छटा साधली तेव्हा तिला आनंद होण्याऐवजी धाकटीचा आणखीच राग आला.

या दिवसांत बकुळा अधूनमधून माजघराच्या दाराशी येई आणि कडी वाजवी. "आई, दार उघड ना," ती म्हणे. आतून थोरली म्हणे, "मी कामात आहे. काकूकडे जा." ज्या पोरीसाठी हा सगळा खटाटोप चालला होता, तिलाच ती दारातून परत पाठवत होती. आणि संध्याकाळी तीच पोर काकूच्या मांडीवर दिसली की पुन्हा जळफळत होती.

शेवटी पान पुरं झालं. त्या दुपारी पाऊस लागला होता आणि सगळे पडवीत बसले होते. थोरली वही घेऊन आली आणि तिने ती सगळ्यांच्या मधोमध उघडून ठेवली. धाकटीच्या तोंडचं पाणी पळेल, अशी तिची खात्री होती.

सासूबाईंनी वही डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, उलटी करून पाहिली. दोघं भाऊ एकमेकांकडे बघू लागले. धाकटी पानाकडे बघतच राहिली. बकुळा वाकली आणि तिने नीट निरखून पाहिलं.

"आई," ती म्हणाली, "तू काकूचं कुंचला पुसायचं पान का काढलंस?"

बकुळाला वाटलं की आपलं म्हणणं आईला कळलं नाही, म्हणून तिने बोट ठेवून दाखवलं. हे निळं पुसलं ते कावळ्याच्या वेळचं. हा अंगठा माझा. "आणि ही आमटी. माझ्या हातातून सांडली होती."

आधी सासूबाई हसल्या. मग दोघं भाऊ तोंडाला उपरणं लावून उठले आणि गोठ्यात जाऊन हसले. थोरलीचं तोंड मंजिष्ठेत बुचकळल्यासारखं लाल झालं. लाज वाटली की माणूस रागावतो, तशी ती धाकटीवर उसळली. अशी घाण कोणी पहिल्याच पानावर करतं का, हे काय लोकांना फसवायला ठेवलंस का, असं काय काय ती बोलली.

धाकटीही काही कोणी साध्वी नव्हती. तिलाही राग आला. "माझी वही न विचारता उघडलीत ती तुम्ही, जाऊबाई," ती म्हणाली. मग थोडी थांबली आणि तिचा आवाज खाली आला. "मला कोऱ्या पानाची भीती वाटते. या घरात आले तेव्हापासून तुमची रांगोळी बघते आहे आणि माझ्या पोटात दुखतं आहे. तुमच्यासारखी एक रेघ मला जन्मात येणार नाही. म्हणून वही शिवली की पहिलं पान मी आधीच खराब करून टाकते. एकदा ते खराब झालं की पुढे काही बिघडायची भीती उरत नाही. आणि आता बघा, माझी घाणसुद्धा तुम्ही माझ्याहून चांगली काढलीत."

ती डोळे पुसत आत निघून गेली. सासूबाई पाठ टेकायला गेल्या. पडवीच्या एका टोकाला थोरली बसून राहिली, मांडीवर ती वही उघडी. इतकी वर्षं कोणीतरी आपल्यावर जळत होतं हे ऐकून तिला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

बकुळा पडवीच्या दुसऱ्या टोकाला काकूच्या वहीत काहीतरी रंगवत होती. तिला निळा रंग पुसून तांबडा घ्यायचा होता. काकूच्या वहीचं पुसायचं पान आता इतकं भरलं होतं की त्यावर तसूभर जागा नव्हती. ती उठली, आईजवळ आली आणि निळीने भरलेला कुंचला तिने आईच्या वहीतल्या त्या पानावर टेकवला.

थोरलीने झटकन तिचं मनगट पकडलं.

सगळा पावसाळा त्या पानात गेला होता. एकेक ठिपका श्वास रोखून काढलेला होता. बकुळाने आईच्या तोंडाकडे पाहिलं, आपलं काहीतरी चुकलं हे तिला कळलं, आणि ती मागे सरकू लागली. आणखी एक पाऊल मागे गेली असती तर ती पुन्हा पडवीच्या त्या टोकाला जाऊन बसली असती.

थोरलीने मनगट सोडलं. "पूस," ती म्हणाली.

त्या काही केल्या न जमलेल्या डागावरून निळा फराटा आडवा गेला. थोरलीला ते फार लागलं, लागलं नाही असं कोणी म्हणू नये. पण बकुळा तिथेच तिच्या मांडीवर बसली आणि तिने पान उलटलं. खाली शुभ्र कोरं पान होतं. ती मान वर करून आईकडे बघत हसली, आणि थोरलीला तिचं तोंड इतक्या दिवसांत पहिल्यांदा जवळून दिसलं. वरचा समोरचा दात नव्हता.

"हा कधी पडला गं?" थोरलीने विचारलं.

"कधीच पडला. तुला दाखवायला आले होते. तू काकूकडे जा म्हणालीस." बकुळाच्या आवाजात तक्रार नव्हती. "मग काकूने तो शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर टाकला."

तिने पोरीला छातीशी धरलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. मग तिने तिच्या हातातला कुंचला घेतला आणि त्या कोऱ्या पानावर बकुळाचं तोंड काढायला सुरुवात केली, मधल्या खिंडीसकट. डोळे भरलेले आणि मांडीवर चुळबुळणारी पोर, हात कसला स्थिर राहतो. तोंड भोपळ्यासारखं झालं, एक कान गळ्यापाशी आला. बकुळा ते बघून खो-खो हसली आणि काकूला दाखवायला वही घेऊन आत पळाली.

पोर पुन्हा तिकडेच धावली हे बघून थोरलीच्या छातीत जुनी कळ उठलीच. मत्सर काही एका दुपारीत जात नाही. पण या खेपेला ती दार लावून बसली नाही. ती उठली आणि पोरीच्या मागोमाग धाकटीच्या खोलीत गेली.

तात्पर्य: दुसऱ्याचा आनंद चोरून उतरवायला जाणाऱ्याच्या हाती त्या दुसऱ्याने कुंचला पुसलेलं पान तेवढं लागतं, आणि तोवर त्याच्या स्वतःच्या दाराशी आलेला आनंद कडी वाजवून परत गेलेला असतो.