जाळ्यातला चेंडू

एकदा एका वृद्ध वस्तादाने आपल्या शिष्याला, ज्या दारात त्या दिवशी त्याने चुकूनही पाऊल टाकू नये, नेमके त्याच दारात नेऊन उभे केले. हे वस्ताद कुस्तीचे नव्हेत, फुटबॉलचे. कोल्हापूरबाहेरच्या माणसाला याचे नवल वाटते. पण आमच्याकडे पेठेपेठेला तालीम आहे, आणि तालमीतल्या तांबड्या मातीवर जितका जीव, तितकाच फुटबॉलवर. दोन पेठांचा सामना असला की मी गुळाचे दुकान दुपारीच बंद करतो. गिऱ्हाईकच येत नाही, तर उघडे ठेवून करायचे काय?

हे वस्ताद तरुणपणी गोव्याला आणि कोलकात्याला नामांकित संघांतून पोटासाठी फुटबॉल खेळले. बचावपटू. समोरच्याला गोल करू द्यायचा नाही, एवढेच त्यांचे आयुष्यभराचे काम. तुम्ही स्वतः गोल किती केलेत, असे कोणी विचारले की म्हणायचे, “एक. तोबी चेंडू माझ्या नडगीवर आपटला म्हणून.” गुडघा कायमचा गेला तेव्हा ते पेठेत परतले आणि पोरांना शिकवू लागले. लोक त्यांना मानत. मात्र त्यांचा एखादा सामना आठवून सांगा म्हटले, तर कोणाला सांगता येत नसे. बचावपटूचा चांगला दिवस म्हणजे काहीही न घडलेला दिवस. तो लक्षात ठेवायचा कसा?

त्यांचा लाडका शिष्य धैर्यशील. तोही बचावपटूच. उंच, चपळ, आणि डोके थंड. गोव्याच्या एका व्यावसायिक संघाने त्याला येत्या सोमवारी चाचणीसाठी बोलावले होते. त्यात निवड झाली तर वडिलांमागे धुण्याभांड्यांवर घर चालवणाऱ्या आईचे हात मोकळे होणार होते. साऱ्या पेठेला हे ठाऊक होते.

त्याआधी पेठांच्या स्पर्धेचा अंतिम सामना आला, तोही शेजारच्या पेठेशी. शेवटची काही मिनिटे उरली, तरी गोल कोणाचाच नाही. उजवीकडून एक उंच चेंडू गोलासमोर आला. आमचा गोलरक्षक कुबेर पुढे धावला आणि मोठ्याने ओरडला, “सोड!” मैदानावर या एका शब्दाचा अर्थ ठरलेला असतो: हा चेंडू माझा, तू मध्ये येऊ नकोस. पण ऐन वेळी आपणच सामना वाचवावा, असा मोह धैर्यशीलला पडला असावा. त्याने पाय लांबवला. चेंडू त्याच्या बुटाला लागला आणि पुढे आलेल्या कुबेरच्या बाजूने आपल्याच जाळ्यात गेला.

पेठ हरली. इथवर झाला तो खेळ. खरी चूक पुढे घडली. कपडे बदलायच्या खोलीत तालमीच्या अध्यक्षांनी विचारले, “काय झालं रं?” धैर्यशील खाली बघत म्हणाला, “हाक आली न्हाई.” हाक आली होती, आणि त्याने ती ऐकलीही होती. कुबेर कोपऱ्यात हातमोजे सोडत होता. त्याने एकदा मान वर केली, पिशवी उचलली आणि निघून गेला. त्याच्या पाठीमागे कोणीतरी बोललेच, की तोंड शिवून गोलात उभा राहणारा गोली आमच्याच नशिबी आला.

धैर्यशील मात्र बाकावरून उठेना. दारात उभे असलेले वस्ताद आत आले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, की सोमवारी मी जात नाही, मला आता खेळायचेच नाही. वस्तादांनी समजूत घातली नाही. ते म्हणाले, “बरं. कपडे बदलू नकोस. चल माझ्यासंगं.”

जुन्या स्कूटरवर मागे बसवून त्यांनी त्याला सरळ नेले ते जिंकलेल्या पेठेच्या तालमीसमोर. तिथे हलगी कडाडत होती आणि रस्ता गुलालाने लाल झाला होता. हरलेल्या पेठेचा माणूस अशा वेळी त्या रस्त्याने जातसुद्धा नाही, लांबच्या गल्लीने घर गाठतो. हे लेखी कुठे नाही, पण पाळतात सगळे. आणि इथे आमच्या तालमीचे वस्ताद, मागे पेठेचा शर्ट घातलेला शिष्य. हलगी थांबली. वस्ताद हात जोडून म्हणाले, “चांगलं खेळलासा. गुलाल लावून घ्यायला आलोय. आधी ह्याला लावा.”

मग एक जण म्हणाला, “वस्ताद, आमचा गोल करणारा गडी तुमच्याकडं कसा काय राहिला?” हशा पिकला. पोरे पुढे झाली, धैर्यशीलच्या कपाळाला, गालांना गुलाल लागला, तोंडात पेढा कोंबला गेला. त्यात कुजकेपणा थोडा होता आणि माया बरीच होती. मग त्यांचा आघाडीचा खेळाडू जवळ आला आणि अगदी सहज म्हणाला, “खरं सांग भावा, तू थांबला कसा न्हाईस? कुबेरनं एवढ्यांदा हाक मारली, की मीच थांबलो. म्हटलं, गेला चेंडू त्याच्या हातात.”

धैर्यशीलच्या तोंडातला पेढा तोंडातच राहिला.

दोघे परत आले, तेव्हा आपल्या तालमीच्या कट्ट्यावर अध्यक्ष आणि पाच-पंचवीस माणसे बसली होती. शिष्याच्या अंगावर परक्या पेठेचा गुलाल बघून अध्यक्ष उठलेच. पेठेचे नाक कापलेत, असे वस्तादांना तोंडावर म्हणाले. उद्यापासून पोरांना शिकवायला दुसरा माणूस बघू, असेही कोणी मागून बोलले. धैर्यशीलचाही बांध फुटला. तो म्हणाला, “वस्ताद, हरलो ते कमी हुतं व्हय? तिथं कशापायी नेलासा मला?”

वस्ताद दुखरा गुडघा सांभाळत पायरीवर बसले.

“कोलकात्यात माझं पहिलंच वर्ष,” ते म्हणाले. “माझ्या चुकीनं गोल बसला. गोली आडवा पडलेला, बाकीचे पाठ फिरवून चालाय लागलेले. मीबी चाललो. आमचा जुना बचावपटू मला म्हणाला, ‘जा, चेंडू आण.’ मला वाटलं, शिक्षा देतोय. जाळ्यात गेलो. मागनं लोक शिव्या घालत हुते, थुंकत हुते. वाकलो, चेंडू काढला, काखंत मारला नि मैदानाच्या मधोमध येऊन ठेवला. तवा कळलं, की बसलेला गोल तेवढाच असतो. चेंडूएवढा. न आणता पळालो असतो, तर तो रोज वाढत गेला असता.

“आघाडीवाल्याचं बरं असतं बाळा. धा चुका करून एक गोल केला की लोक खांद्यावर घेत्यात. आपलं उलटं. दिवसभर चोख राहा, एक चूक, नि तीच तुझं नाव. म्हणून बचाव खेळणाऱ्याला चुकीकडं पाठ करता येत न्हाई. पाठीमागं आपला गोल असतोय. तिथंच भ्या उभं करून ठेवलंस, तर समोरच्याकडं बघशील कसा? आज आपला चेंडू त्या गुलालात पडला हुता. तो आणाय गेलतो. एवढंच.”

आमच्या गुळाच्या बाजारात एक जुना अडत्या असेच काहीसे सांगे: ज्या गिऱ्हाइकाने तुमचा गुळाचा रवा, म्हणजे अख्खी ढेप, परत पाठवला, सकाळी सगळ्यात आधी त्याच्या दारात जा. मी हे तरुणपणी ऐकले, आणि खरे सांगायचे तर पुष्कळ वर्षे कळले नाही.

धैर्यशीलला त्या संध्याकाळीच कळले. तो अध्यक्षांकडे वळला. “हाक आली हुती,” तो म्हणाला. “मी ऐकली हुती. कुबेरचं काय चुकलं न्हाई.”

मघाशी गोलीवर तोंडसुख घेणारे आपापल्या चपला बघू लागले. धैर्यशीलने वस्तादांना विचारले, “तुमाला ठाऊक हुतं?”

“गोलामागंच उभा हुतो मी,” वस्ताद म्हणाले. “गुडघा गेलाय, कान न्हाईत गेलेलं.”

मग खोटे बोललो तेव्हाच का नाही सांगितलेत, असा प्रश्न त्याच्या ओठावर आला असेल. पण त्याने तो विचारला नाही. दुसऱ्याने जाळ्यातून काढून हातात दिलेला चेंडू आपण आणलेला नसतो, एवढे त्याला उमगले होते. तो एकटाच कुबेरच्या घराकडे निघाला. वस्ताद बरोबर गेले नाहीत.

कुबेर दारातच बसला होता. धैर्यशील अंगणात उभा राहून, कट्ट्यावर बोलला होता तेच शब्द पुन्हा बोलला. कमी नाही, जास्त नाही. माफ कर म्हणायचे त्याला सुचले नाही. कुबेरने त्याच्या गुलालाने लाल झालेल्या शर्टाकडे बघितले.

“सोमवारी जाणार हाईस न्हवं?”

“तू म्हणशील तसं.”

“मग उद्या सकाळी मैदानावर ये,” कुबेर म्हणाला. “मी हाक मारतो. ऐकून थांबायचं तेवढं तुझ्याकडं.”