एडिथ मार्लोची कादंबरी कोणी लिहिली?

हॉलिवूडची नटी एडिथ मार्लो हिने तीन वर्षे खपून कादंबरी लिहिली आणि स्वतःच छापली. तिच्या स्टुडिओचे मालक ग्रिमशॉसाहेब यांच्यासारखाच हुबेहूब एक मठ्ठ मालक त्यात होता. साहेबांनी पुस्तक न वाचताच पत्रकारांना बोलावून सांगितले, "नट्यांना कुठलं लिहिता येतंय? हे माझ्या पगारी लेखकांचं काम. म्हणजे पुस्तक स्टुडिओचं!"

"पण साहेब," तिथे येऊन उभी राहिलेली एडिथ नम्रपणे म्हणाली, "तुमच्या सहीशिवाय त्यांचं एक पानही बाहेर पडत नाही ना?"

"एक ओळसुद्धा नाही!"

"मग पान चाळीसवरचा मठ्ठ मालकही तुम्हीच मंजूर केलात. पत्रकारांनो, लिहून घ्या."

साहेबांनी ते पान वाचले आणि घाम पुसत ओरडले, "छे! यातलं अक्षरन् अक्षर बाईंचंच आहे!"

दुसऱ्या आवृत्तीच्या वेष्टनावर एडिथने तेवढेच वाक्य छापले, साहेबांच्या नावानिशी.