मठातलं पोपटी कपाट

"मग कपाट बघून ओळखेल, असं वाटतं तुला?" बुवांनी विचारलं.

"ओळखेल," शर्मिष्ठा म्हणाली. "ओळखायलाच हवं."

"काय ओळखेल?"

"घर. आणि घर ओळखलं की मला."

भुजंगबुवांनी दारातून बाहेर पाहिलं. मठातली जेवणं नुकतीच उरकली होती. बाहेर कडुनिंबाखाली शर्मिष्ठाची आई, कुमुदताई, मठातल्या बायकांबरोबर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या बायका कोण, हा मठ कुठला, आपण इथं कशाला आलो, यातलं त्यांना काही ठाऊक नव्हतं. तोंड मात्र हसरं होतं.

कुमुदताईंची आठवण हळूहळू जात चालली होती. आधी नावं गेली, मग वार गेले, मग माणसं. एका सकाळी चहाचा कप हातात घेऊन त्यांनी पोटच्या मुलीला विचारलं, "तुम्ही कुणाच्या हो?"

त्या दिवसापासून शर्मिष्ठा घाबरलेली होती. रात्री आईच्या खोलीत डोकावताना घाबरायची, सकाळी हाक मारताना घाबरायची. आणि भ्यालेली माणसं करतात तेच तिनं केलं. ती कामाला लागली.

काम तिच्या हातचंच होतं. पुण्यात ती लोकांना त्यांची जुनी स्वयंपाकघरं होती तशी उभी करून द्यायची. त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे तिला स्वतःलाही चांगलं ठाऊक होतं. आईसाठी तिनं आपलं चकचकीत किचन उपटून टाकलं. शहाबादी फरशी आली, कडप्प्याचा बसका ओटा आला, भिंतींना निळसर चुना लागला. सगळं आई-अण्णांच्या सांगलीच्या त्या जुन्या घरातल्यासारखं झालं.

राहिलं फक्त जाळीचं कपाट. त्यासाठी तिनं सगळे जुने बाजार पालथे घातले. कपाटं पुष्कळ मिळाली, पण त्यांतलं एकही ते नव्हतं. शेवटी मामा म्हणाला, "अगं, ते तुझ्या आईनं मठाला नाही का देऊन टाकलं, अण्णा गेले तेव्हा?"

म्हणून ती आज आली होती. टेम्पोवाल्याला दुपारीच यायला सांगून ठेवलं होतं, म्हणजे बुवा नाही म्हणतील ही शक्यता तिनं धरलीच नव्हती.

"तुझी आई स्वतः घेऊन आली होती," बुवा म्हणाले. "टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून. तेरावं झालं नि दुसऱ्या दिवशी."

"काही बोलली होती का?"

"मी विचारलं, माई, यात काय ठेवू? म्हणाली, काहीही ठेवा. रिकामं तेवढं ठेवू नका."

शर्मिष्ठा हसली. "तशीच आहे आई. भरल्या घराची हौस फार."

बुवांनी तिच्याकडे पाहिलं. मग बराच वेळ उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"तू ओटा बसवलास. दाखवलास तिला?"

"दाखवला ना."

"मग?"

"आत येत नाही. दारातूनच मागं फिरते. जेवायलासुद्धा बाहेर मागते."

"कधीपासून?"

"ओटा बसवल्यापासून. अपुरं आहे ना अजून, बुवा. ती भिंत मोकळीच दिसते. कपाट लागलं की..."

"आधी यायची?"

"आधी म्हणजे?"

"चकचकीत होतं तेव्हा."

"तेव्हा यायची..." शर्मिष्ठा म्हणाली. "स्वतःची कॉफी स्वतः करून घ्यायची."

हे वाक्य बोलून झाल्यावर तिला ते आवडलं नाही. का आवडलं नाही, याचा विचार करायला ती तयार नव्हती. ती उठली.

"बघू या का कपाट?"

"बघ," बुवा म्हणाले. "त्यासाठीच आलीस."

मठाचं स्वयंपाकघर मागच्या अंगाला होतं. अंधारं, गार, धुरानं काळवंडलेलं. आणि कोपऱ्यात ते उभं होतं. तोच पोपटी रंग, जागोजागी खपल्या निघालेला. वर काचेची सरकती दारं, खाली बारीक जाळीची. चारही पाय मुंग्यांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या दगडी वाट्यांत. शर्मिष्ठाच्या छातीत धडधडायला लागलं. हा आनंदच, असं तिनं ठरवून टाकलं.

"तेच," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच लहान वाटला.

कपाट खच्चून भरलेलं होतं. वर डबे, बरण्या, पापडांच्या चळती. खाली पंगतीची मोठी भांडी. ती पदर खोचून खाली बसली आणि खालचा खण रिकामा करायला लागली. बुवा दारात उभे राहिले.

"इथं बसायचे मी," ती भांडी काढता काढता म्हणाली. "या खालच्या खणात. आई मला आत बसवायची, दार लावायची आणि स्वतः पुढं उभी राहायची. लपाछपी. आमच्या आळीत कुणाची आई मुलांशी खेळायची हो? माझी खेळायची."

"रोज?"

"बहुतेक संध्याकाळी. मी श्वाससुद्धा हळू घ्यायचे. जाळीतून तिच्या पातळाचा काठ दिसायचा. आणि बुवा, मी एकदाही सापडले नाही."

"राज्य कुणावर असायचं?"

"अं?"

"लपायची तू. लपवायची आई. राज्य कुणावर?"

शर्मिष्ठानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. इतका साधा प्रश्न. कुणीतरी शोधायला असणारच, त्याशिवाय लपाछपी कसली...

तिनं आठवून पाहिलं. पातळाचा काठ आठवला. रॉकेलचा वास आठवला. त्याच्या पलीकडे काही आठवेना.

"लहान होते मी," ती म्हणाली. "कुठलं आठवायला?"

तिची घाई वाढली. पातेली बाहेर आली, झाकण्या आल्या. मागच्या फळीला वाळवी लागली आहे का हे बघायला ती गुडघ्यांवर आली आणि डोकं, खांदे आत घातले. तळाशी शेवटची एक पितळी परात उभी टेकवलेली होती. तिनं ती ओढली.

परात हातातून निसटली. फरशीवर आपटली, कडेवर घरंगळत गेली आणि भिंतीवर आदळली. तो आवाज त्या बंद खोलीत घुमतच राहिला.

बाहेर कडुनिंबाखालचं बोलणं एकदम थांबलं.

मग धावती पावलं ऐकू आली. गुडघ्यांच्या दुखण्यानं कुमुदताई भिंत धरून चालायच्या. ती पावलं भिंत धरणाऱ्या माणसाची नव्हती. बुवांच्या अंगावरून त्या वाऱ्यासारख्या आत आल्या.

"शमे!"

शर्मिष्ठाला वाटलं, आपल्याला भास झाला. तिला शमी म्हणणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते नाव त्या माणसाच्या तोंडून जाऊन आता किती काळ लोटला होता.

"आई..."

"चूप. आत हो. आलेत ते."

आईचा हात तिच्या डोक्यावर आला. माया करणारा नव्हे, दाबणारा हात. बोटं केसांत रुतली. पन्नाशीची बाई त्या खणात कशी मावणार? पण आई ढकलत होती आणि शर्मिष्ठाचं अंग आपोआप मिटत होतं. गुडघे छातीशी, हनुवटी गुडघ्यांवर. अंगाला सगळं पाठ होतं.

"मी हाक मारल्याशिवाय बाहेर यायचं नाही. काही ऐकू आलं तरी. कळलं?"

जाळीचं दार तिच्या पायांवर येऊन अडलं. आई त्याला पाठ लावून उभी राहिली.

जाळीतून आता पातळाचा काठ दिसत होता. तो थरथरत होता. तेव्हाही थरथरायचा. तिला तो वाऱ्यानं हलतोय असं वाटायचं, आणि त्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती.

"शमी नाही घरात," आई दाराकडे बघून म्हणाली. आवाज गोड केलेला, कडेला फाटलेला. "मावशीकडे धाडलीय. तिच्यावर कशाला राग... वाढू का तुम्हाला? मी चुकले. माझं चुकलं, म्हणते ना मी."

दारात बुवा होते. उंच, रुंद, मागून उजेड. म्हातारीचे डोळे त्यांच्यावर खिळले होते आणि दोन्ही हात तोंडासमोर आले होते, मार चुकवायला यावेत तसे.

शर्मिष्ठा आत बसून राहिली. बाहेर यायला हवं, आईला धरायला हवं, हे तिला कळत होतं. पण हाक आली नव्हती. तिचे दात वाजायला लागले, तेव्हा तिनं स्वतःचं मनगट चावलं. तेही अंगाला पाठ होतं.

बुवा खाली बसले.

सावकाश, भिंतीचाही आधार न घेता, ते उंबऱ्याबाहेर जमिनीवर बसले. मान खाली घातली. दोन्ही तळवे उताणे करून मांडीवर ठेवले.

परातीचा आवाज केव्हाच थांबला होता...

"माई," बऱ्याच वेळानं बुवा खालीच बघत म्हणाले, "घोटभर पाणी मिळेल?"

कुमुदताईंचे हात हळूहळू खाली आले. त्या बसलेल्या माणसाकडे बघत राहिल्या. मग पदर सारखा केला.

"देते की," त्या म्हणाल्या. "उन्हातून आलात का?"

"हो."

त्यांनी माठातलं पाणी काढून दिलं. हात अजून थोडा कापत होता, पण का कापतोय हे आता त्यांना ठाऊक नव्हतं. वळल्या, तेव्हा त्यांना कपाटाच्या तोंडाशी अवघडून बसलेली एक बाई दिसली.

"अगं बाई, तुम्ही इथं कुठं बसलात?" त्या म्हणाल्या. "साडी मळली की तुमची."

शर्मिष्ठानं त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. तिथं भीती नव्हती. आणि शमीही नव्हती.

कुमुदताई पुन्हा भिंत धरून, एकेक पाऊल टाकत, शेंगांकडे निघून गेल्या. थोड्या वेळानं कडुनिंबाखालून त्यांचं हसू ऐकू आलं.

शर्मिष्ठाला उठायला वेळ लागला. पायांना मुंग्या आल्या होत्या. पाठीमागं तो खण रिकामा पडला होता आणि तिला तिकडे बघवत नव्हतं. फाटकाशी टेम्पोचा हॉर्न वाजला.

"तिनं मला नावानं हाक मारली, बुवा..." ती म्हणाली. "ऐकलंत ना तुम्ही? शमी म्हणाली."

"ऐकलं."

"मला... मला एवढंच हवं होतं हो."

बुवांनी पाणी संपवलं आणि पेला उंबऱ्यावर पालथा घातला.

"मग घेऊन जा कपाट," ते म्हणाले. "रोज ओळखेल ती तुला."