फेट्याचं दुसरं टोक

माळशिंगीच्या मैदानात कुस्तीचा हौद आहे आणि हौदाच्या दोन अंगांना दोन दगड उभे आहेत. कमरेएवढे. शेंदूर नाही, नाव कोरलेलं नाही. नवे पाहुणे त्यांच्यावर टॉवेल टाकतात, पाण्याच्या बाटल्या ठेवतात. ठेवू नका. एकाला आईचा दगड म्हणतात, दुसऱ्याला टोकाचा. दोघांमधलं अंतर बरोबर एका फेट्याएवढं. इथं खेळायला इराणचा पैलवान येवो नाहीतर जॉर्जियाचा, त्याला आधी ह्या दगडांची गोष्ट ऐकावी लागते. ऐकल्याबिगर लंगोट कसू देत नाहीत.

फार मागे, राजेरजवाड्यांच्या काळात, नदीच्या ह्याच वळणावर मुलखामुलखांचे खेळ भरत, असं सांगतात. प्रत्येक मुलखाचं निशाण वेगळं, हलगी वेगळी. निशाणं मिरवत मैदानाला फेरी व्हायची. मग एकेक पैलवान वाकून मातीला हात लावायचा आणि शपथ घ्यायचा, "पाठ लागली तर लागली म्हणेन." खेळणाऱ्यांच्या आयांनी मातीसाठी ताक पाठवायचं, हाही रिवाज होता. हळद, तेल, लिंबू आणि आयांचं ताक घालून माती मळायची. पण आयांनी स्वतः मात्र बांधापलीकडं बसायचं. बाईचा पाय पडला तर हौद बाटतो म्हणे. ताकानं बाटत नव्हता, पायानं बाटत होता! असले नियम कोण काढतं ते सांगायला नको.

त्या बांधावर निलव्वा बसली होती. नवरा लवकर गेला, मागं एकच पोरगा, भरमू. त्याला तिनं दुसऱ्याच्या शेतात भांगलण करून वाढवला. हिवाळाभर सूत कातून तिनं फेट्याचं कापड विणून घेतलं, पळसाच्या फुलांत रंगवलं. भरमू जिंकला की स्वतःच्या हातानं बांधायचा, असं तिनं ग्रामदेवीला बोललेलं. फेटा मांडीवर होता. घडी मोडू नये म्हणून ती पाय पसरूनसुद्धा बसली नव्हती.

शेवटची कुस्ती भरमूची. समोर गुलशेर नावाचा काबूलकडचा पैलवान, घोड्यांच्या व्यापाऱ्यांबरोबर आलेला. त्याचं निशाण धरायलाही माणूस नव्हता. फेरीत तो आपला एकटाच चालला. पोरांनी त्याला "ए घोडेवाल्या!" म्हणून चिडवलं, तर हसून त्यानं घोड्यासारखं खिंकाळून दाखवलं.

पण कुस्ती लागली आणि हसणं मिटलं. काय कुस्ती ती! दंडाला दंड भिडले की बांधावर आवाज यावा. भरमूनं ढाक मारली, गुलशेर निसटला. गुलशेरनं पट काढला, भरमू हातावर फिरला. हलगीवाल्याच्या बोटांतून रक्त आलं तरी त्यानं ताल सोडला नाही. माणसं झाडांवर चढलेली, फांद्या कडाकडा मोडत होत्या. निलव्वा उभी राहिली, "उचल माझ्या वाघा!" म्हणून ओरडली, आणि त्याच घटकेला भरमू उचलला गेला. पाठीवर आला. धप्पकन.

सगळ्यांनी पाहिलं, असं सांगतात. आणि सगळे गप्प बसले.

मांडवात सरदार निंबाजीराव बसला होता. मैदान त्याचं, मान त्याचा, आणि परक्यानं त्याच्या दारात जिंकावं हे त्याला खपेना. त्यानं पंचाकडं पाहिलं. पंचानं मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "पाठ लागली न्हाई."

गुलशेरला भाषा कळत नव्हती, पण अर्थ कळला. तो जागचा हलला नाही. निंबाजीरावाची माणसं तलवारी उपसून हौदाभोवती उभी राहिली. सरदारानं खुणेनं बजावलं, "कपाळ मातीला लाव आणि हरलो म्हण. न्हाईतर हितनं जित्ता जात न्हाईस." व्यापाऱ्यांना बाहेर अडवलेलं. मैदानात त्याचं म्हणावं असं कुणी नव्हतं. तरी त्यानं मान वाकवली नाही. गर्दीतून पहिला दगड आला, त्याच्या खांद्याला लागला.

निलव्वा भरमूकडं बघत होती. भरमू खाली मान घालून उभा. शपथ घेतलेलं तोंड, आणि त्यातून शब्द फुटेना. पोरगा हरला ह्याचं तिला दुःख झालं नसेल असं नाही. पण हे गप्प राहणं तिला जास्त झोंबलं.

फेटा काखेत मारून ती बांध उतरली. सरळ हौदात.

"ए बाई! हौद बाटंल!" पंच ओरडला.

"माझं ताक चाललं तुला, पाय चालत न्हाई व्हय?" निलव्वा म्हणाली. "हो बाजूला."

तिनं भरमूचा दंड धरला आणि त्याला गर्रकन फिरवला. त्याची पाठ मांडवाकडं झाली. घामावर माती बसलेली. दोन्ही खांद्यांवर लाल, हळदीनं पिवळसर, चांगली थापल्यासारखी.

"बघा. डोळे हायती न्हवं? लागलीया पाठ."

निंबाजीराव तडकला. "तू ह्याची आई हायस का वैरीण?"

"आई हाय म्हणून तर सांगतो. ही पाठ मी न्हाऊ घातलीया, सरदार. हिच्यावर काय लागलं आणि काय न्हाई, ते मला शिकवू नगा."

मग तिनं काखेतला फेटा काढला. बोललेला फेटा. तिनं गुलशेरला खुणावलं, खाली बस. तलवारीपुढं न वाकलेला तो दांडगा गडी त्या म्हातारीपुढं गुडघे टेकून बसला. तिनं कापड झटकलं, एक टोक त्याच्या कपाळाला लावलं. दुसरं टोक धरायला माणूस लागतो. फेटा काही एकट्यानं बांधता येत नाही. पार हौदाच्या कडेला गेलेल्या भरमूकडं तिनं ते टोक फेकलं.

"धर."

भरमूनं धरलं नाही. टोक मातीत पडलं.

नदीचं पाणी ऐकू येत होतं, असं सांगतात. निलव्वाचा आवाज मऊ झाला, त्या दिवसात पहिल्यांदा. "भरमू, लेकरा, हा मी तुझ्यासाठी विणला. तुझ्याबिगर कसा बांधू?"

भरमू वाकला. ज्या हातानं शपथ घेतली त्याच हातानं त्यानं टोक उचललं, ताणून धरलं आणि गळा फाटेस्तोवर ओरडला, "लागली! माझी पाठ लागली!"

निलव्वा पेच घालू लागली. ज्यांनी फेटा बांधलाय त्यांना ठाऊक आहे, जसा पेच पडतो तसं टोक धरणाऱ्याला पुढं सरकावं लागतं. भरमू पुढं येत गेला. एक पेच, एक पाऊल. त्याच्या वाटेतल्या तलवारी बाजूला झाल्या. शेवटच्या पेचाला तो गुलशेरला खेटून उभा होता, आणि आता परक्यावर वार करायचा तर आधी आपल्याच पैलवानावर करावा लागणार होता. भरमूनं हातातलं टोक फेट्यात खोचून तुरा काढला.

हलगी कडाडली! बांधावरच्या बाया धावत हौदात उतरल्या. माणसांनी दोन्ही पैलवानांना एकाच वेळी खांद्यावर घेतलं. निंबाजीरावाचं काय झालं? कुणी म्हणतं त्यानं खाली येऊन गुलशेरला हातातलं कडं दिलं, कुणी म्हणतं पालखी मागवून निघून गेला. निघूनच गेला असणार. असली माणसं गोष्टीत सुधारतात, गावात नाही.

त्या गोंधळात निलव्वा पोराच्या मागं गेली आणि पदरानं त्याची पाठ पुसली. पुढच्या साली घोडेवाले आले तेव्हा गुलशेरच्या आईनं भरमूसाठी पाठवलेला निळा फेटा घेऊन आले, असं सांगतात.

आजही माळशिंगीच्या खेळांत जिंकलेल्याला फेटा सरदार-पुढारी बांधत नाहीत. हरलेल्याची आई बांधते, आईच्या दगडाशी उभी राहून. हरलेला टोक धरून दुसऱ्या दगडापासून चालत येतो, आणि तोवर पाठीची माती झटकत नाही. ज्याची आई लांब, त्याच्यासाठी गावातली एखादी बाई आई होऊन उभी राहते, आणि त्या मानासाठी बायका वर्षभर भांडतात.

गेल्या साली इराणचा पैलवान हरला आणि त्याची आई स्वतः आलेली होती. तिला फेटा कुठला येतोय? जिंकलेल्या आमच्या पोराच्या एका डोळ्यावर आला. पोरानं तो तसाच गावभर मिरवला, नीट करू दिला नाही. आणि मग ती बाई आपल्या मुलाच्या मागं गेली, डोईवरच्या ओढणीचं टोक हातात घेतलं आणि त्याची पाठ पुसली.

एवढं मात्र तिला कुणी करायला सांगितलं नव्हतं.